‘दोन्हींत कमी धोक्याचं कोणतं?’

पत्राचा सारांश

पत्र लिहिणारा वाचक २६ वर्षांचा आहे. नोकरी सांभाळून तो पेन्सिलने चित्रं काढायला शिकवणारे छोटे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकतो. दोन वर्षांत ४,१०० फॉलोअर झाले आणि गेले काही महिने आकडा तिथेच अडकून बसला आहे. दरम्यान टेलिग्रामवरच्या एका ‘सिग्नल’ चॅनेलमुळे त्याला ऑनलाइन रुलेटचा, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या घरात पडेल यावर पैसे लावायच्या जुगाराचा नाद लागला. पुढचा डाव लाल येणार की काळा, हे सांगणारे मेसेज त्याला वैयक्तिक येत. पहिले पाच लागोपाठ खरे निघाले. हरलास की पुढच्या डावाला दुप्पट लाव, सगळं भरून निघतं, असं चॅनेलवाल्याने शिकवलं. पाचव्या आठवड्यात एका रात्रीत चार महिन्यांच्या पगाराएवढे पैसे गेले. त्यात मोठ्या बहिणीकडून ‘टॅब घ्यायचाय’ असं सांगून घेतलेले पैसेही होते. दुसऱ्या एका ॲपच्या खात्यात त्याने जिंकलेली मोठी रक्कम दिसते, पण ती काढायची तर आधी ‘पडताळणी शुल्क’ भरा, असं सांगतात. आता एका मित्राने मार्ग सुचवला आहे: २०,००० फॉलोअर विकत घे, पेज मोठं दिसलं की एक बेटिंग ॲप जाहिरातीचे पैसे देईल, त्यातून सगळं फिटेल.

वाचक विचारतो, “ताई, दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत हे मला कळतं, तेव्हा उपदेश नको. शुल्क भरून अडकलेली रक्कम सोडवू, की फॉलोअर घेऊन जाहिरात करू? दोन्हींत कमी धोक्याचं कोणतं, एवढंच सांगा. बहीण रोज विचारते, टॅबवर काय काढलंस ते दाखव ना. रात्री झोप लागत नाही.”

उत्तर

प्रिय मित्रा,

तुला सरळ उत्तर हवंय, तर आधी तेच देते. शुल्क भरू नकोस आणि फॉलोअरही घेऊ नकोस. पण एवढ्यावर पत्र मिटवलं तर उद्या तू तिसऱ्या कोणाला तरी विचारशील, आणि तो हिशेब न मांडताच ‘हो’ म्हणेल. म्हणून मी हिशेब मांडते. कुठे उपदेश वाटला तर तेवढा सोडून दे, आकडे मात्र सोडू नकोस.

अडकलेल्या रकमेपासून सुरू करू, कारण घाई तिथे आहे. ज्याच्याकडे तुझे पैसे खरोखर पडून आहेत, त्याला काही शुल्क घ्यायचं असेल तर तो त्या पैशातूनच कापून घेईल आणि उरलेले तुला देईल. तुझ्या खिशातून वेगळे मागायची त्याला गरज काय? ‘आधी भरा, मग देतो’ ही फसवणूक इंटरनेटपेक्षा कितीतरी जुनी आहे. १९व्या शतकात युरोप-अमेरिकेत लोकांना पत्रं येत: एक धनाढ्य माणूस स्पेनच्या तुरुंगात अडकलाय, सोडवायला थोडे पैसे पाठवा, सुटला की त्याच्या संपत्तीतला मोठा वाटा तुमचा. पैसे पाठवले की पुढचं पत्र नवी अडचण घेऊन येई. तुझ्या ॲपचंही तेच होणार. पडताळणी शुल्कानंतर कर, कर भरला की ‘खातं गोठलंय, ते उघडायचा दंड’. तू भरत राहशील तोवर अडचणी निघत राहतील.

तुझ्या खात्यात दिसणारी ती रक्कम म्हणजे त्यांनी त्यांच्या संगणकावर लिहिलेले काही अंक आहेत. उद्या त्यांनी पुढे आणखी एक शून्य जोडलं तर तू आजच्या दहापट श्रीमंत होशील का? नाही ना. मग आजही ती रक्कम तुझी नव्हती, आणि जी तुझी नव्हती ती ‘सोडवण्या’साठी खरे पैसे घालायचे नाहीत. आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. थोड्या दिवसांत तुला कोणीतरी संपर्क करेल आणि ‘तुमचे बुडालेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, फक्त नोंदणीचे भरा’ असं म्हणेल. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. तो माणूस वकील म्हणवून घेईल, सायबर तज्ज्ञ म्हणवून घेईल. त्याला उत्तरसुद्धा देऊ नकोस.

आता ते पाच खरे निघालेले सिग्नल. तुझ्या पत्रात तू दोनदा लिहिलंयस, “पण पहिले पाच बरोबर कसे आले?” मला वाटतं, हा प्रश्न तुझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो गेल्याशिवाय बाकीचं काही पटणार नाही.

समज, एका माणसाकडे १,०२४ जणांचे नंबर आहेत. पहिल्या डावाआधी तो अर्ध्यांना ‘लाल’ कळवतो आणि अर्ध्यांना ‘काळा’. डाव झाला की ज्यांना चुकीचं कळवलं ते ५१२ त्याने सोडून दिले. उरलेल्या ५१२ जणांचे पुन्हा दोन भाग. मग २५६, मग १२८, ६४, आणि पाचव्या डावानंतर ३२. या ३२ जणांच्या फोनमध्ये लागोपाठ पाच अचूक भाकितं पडलेली असतात. (मध्येच शून्य, म्हणजे लालही नाही नि काळंही नाही असं हिरवं घर आलं तर दोन्ही गट चुकतात, पण तेवढ्याला तो काहीतरी सबब देतो.) त्या माणसाला काडीचंही माहीत नव्हतं. त्याने फक्त दोन्हीकडून मेसेज पाठवले होते. तू त्या ३२ जणांतला एक असणार. तुला बाकीचे ९९२ दिसले नाहीत, कारण मेसेज वैयक्तिक येत होते. तू ‘वैयक्तिक’ हा शब्द मोठ्या कौतुकाने लिहिलायस, म्हणून हे जरा खेचून सांगितलं. उघड्या चॅनेलवर तर याहून सोपं असतं: चुकलेलं भाकीत खोडून टाकायचं, बरोबर आलेलं वर टाचून ठेवायचं.

आणि दुप्पट लावण्याची युक्ती. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी वही आणि नाणं घेऊन बसले. रेघा मारत शंभर वेळा उडवलं. मध्येच एकदा लागोपाठ सात छापे पडले. सहाव्यानंतर नाणं उडवताना, खरं सांगते, माझ्याही मनाने ठरवून टाकलं होतं की आता काटा येणारच. हे मला माहीत असून झालं, पैसे लावलेले नसताना झालं. तेव्हा तुझ्याबद्दल ‘एवढं कसं कळलं नाही’ असं मी म्हणणार नाही. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग २६ वेळा काळा आला होता. पंधराव्या-सोळाव्या डावापासून लोक ‘आता तरी लाल’ म्हणून लाल रंगावर मोठमोठ्या रकमा लावत गेले आणि धुऊन निघाले. चाकाला मागचा डाव ठाऊक नसतो. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच फिरत असतं.

शून्य एकच असलेल्या रुलेटमध्ये ३७ घरं: १८ लाल, १८ काळी, एक हिरवं. म्हणजे रंगावर लावलेला डाव हरण्याची शक्यता ३७ पैकी १९. एकापासून सुरू करून दुप्पट करत गेलास तर दहा सलग हारींत १,०२३ जातात, आणि अकराव्याला १,०२४ लावायचे असतात, सगळं मिळून फक्त १ जिंकण्यासाठी. दहा सलग हारी म्हणजे अशक्य, असं तुला वाटलं होतं. शक्यता साधारण ७८० त एक आहे. तू दिवसाला साठेक डाव खेळत होतास. त्यात ‘हरत गेलो आणि शेवटी जिंकून परत एकावर आलो’ अशा सुमारे तीस मालिका होतात. तीस मालिका रोज, तर ७८० व्हायला किती दिवस लागतात? सव्वीस. आकड्यांच्या हिशेबाने चौथ्या आठवड्यात येऊ शकणारी रात्र तुझ्याकडे पाचव्यात आली. त्या रात्री तुझं नशीब फुटलं नाही, नियमाप्रमाणेच झालं. म्हणूनच ‘त्या रात्री थांबलो असतो तर’ या विचारात जळत बसू नकोस. त्या रात्री थांबला असतास तर आणखी काही आठवड्यांनी तीच रात्र आली असती. शिवाय टेबलावर डावाची कमाल मर्यादा असते. पैसे संपायच्या आधीही दुप्पट करायची वाट तिथे बंद होते.

ते जे एक हिरवं घर आहे, त्यामुळे लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी २.७ चाक ठेवून घेतं. दोन शून्यं असली तर ५ हून जास्त. कसंही लाव, कितीही हुशारीने लाव, हे बदलत नाही. ‘फुकट बोनस’ही याच हिशेबात बसतो. समज, १०० बोनस मिळाला आणि तो काढण्याआधी ३० पट खेळायची अट आहे. म्हणजे ३,००० लावायचे. खेळवणाऱ्याचा वाटा शंभराला ४ असेल तर तेवढ्यात सरासरी १२० जातात. शंभर मिळवण्यासाठी एकशेवीस.

आणि चॅनेलवाल्याला यात काय मिळतं? पुष्कळ बेटिंग साइट गिऱ्हाईक आणणाऱ्याला, त्या गिऱ्हाइकाने जे गमावलं त्यातला ठरावीक टक्का देतात. तू त्याच्या लिंकवरून खातं उघडलंस. तू जिंकलास तर त्याला काही मिळत नाही, हरलास तर मिळतं. असा माणूस तुला ‘दुप्पट लाव’ का सांगत होता, ते तूच ठरव.

आता तुझ्या पत्रातल्या एका शब्दाजवळ मला जरा थांबायचंय. ‘भरून काढणं’. सारांशात ‘भरून निघतं’ असा एकदाच आलाय, मूळ पत्रात मी मोजला, सात वेळा आहे. रुलेटचं नुकसान दुप्पट लावून भरून काढायचं होतं, त्याचं नुकसान दुसऱ्या ॲपने, आता सगळं मिळून जाहिरातीने. तू मला दोन वाटांतली एक निवडायला सांगतोयस, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: गेलेले पैसे झटपट परत आले पाहिजेत, कोणाला कळायच्या आत. ते गृहीतक तसंच ठेवलं तर मी कोणतीही वाट सांगितली तरी तू पुन्हा त्याच चाकापाशी पोचशील.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराच्या विकाराला दारू आणि इतर व्यसनांच्या गटात टाकलं. तो ओळखायच्या नऊ खुणा त्यांच्या नियमावलीत आहेत आणि बारा महिन्यांत त्यातल्या चार किंवा जास्त दिसल्या तर निदान होतं. हरलेलं परत मिळवायला पुन्हा खेळणं, ही त्यातली एक. किती खेळतो हे लपवायला खोटं बोलणं, ही दुसरी. जुगाराने आलेल्या पैशाच्या अडचणीतून सुटायला दुसऱ्यांवर अवलंबून राहणं, ही तिसरी. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून तुझं निदान करणार नाही. पण तू स्वतःच लिहिलेल्या गोष्टींत दोन तर उघड दिसतात आणि तिसरी दाराशी आहे. बाकीच्या सहा एखाद्या समुपदेशकासमोर बसून तपासून घे. यात स्वभावाचा दोष शोधू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही हा विकार आहे आणि त्यावर उपचार होतात.

तू असंही लिहिलंयस की जुगार बंद केल्यापासून इन्स्टाग्राम सारखं उघडून बघतोस. ते सहज घडलेलं नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दर ठरावीक टोचींना दाणा मिळाला तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबतं, आणि कधी मिळेल याचा नेम नसला तर न थांबता टोचत राहतं. चाक फिरवणं आणि लाइक आले का बघायला बोटाने पडदा खाली ओढणं, दोन्हींत नेम नसलेला दाणा आहे. म्हणून निदान या महिन्यात लाइकच्या सूचना बंद कर आणि पेज दिवसातून एकदाच, ठरावीक वेळी उघड.

आता फॉलोअर. मित्र म्हणतो, सगळेच घेतात. घेणारे आहेत हे खरंय. पण तुझ्यापुरता हिशेब कर. तुझ्या व्हिडिओला आज साधारण ३०० लाइक येतात. ४,१०० मध्ये ३०० म्हणजे सात टक्क्यांहून जास्त, आणि हे चांगलं प्रमाण आहे, तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. त्यात २०,००० बनावट खाती मिसळलीस की तेच ३०० लाइक २४,१०० मध्ये वाटले जातात: सव्वा टक्का. जाहिरात देणारा कोणीही जाणकार माणूस पहिल्यांदा हेच प्रमाण बघतो. जी खाती कधी व्हिडिओ बघत नाहीत, बघून थांबत नाहीत, कोणाला पाठवत नाहीत, ती तुझ्या पेजवर नुसतं ओझं होऊन बसतात.

आणि ती टिकतही नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती पुसली तेव्हा जगप्रसिद्ध लोकांचे लाखो फॉलोअर एका झटक्यात गेले. जुलै २०१८ मध्ये ट्विटरने तेच केलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बनावट फॉलोअर विकणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली आणि २०२४ मध्ये तिथे असे बनावट आकडे विकणंच नव्हे, तर धंद्यासाठी जाणूनबुजून विकत घेणंही नियमाने बंद झालं. तू राहतोस तिथला कायदा वेगळा असेल. पण इन्स्टाग्रामचे नियम सगळीकडे सारखे आहेत आणि त्यात हे बसत नाही. विकणारे काही वेळा तुझा पासवर्ड मागतात किंवा एखाद्या ॲपमधून ‘परवानगी’ घेतात, तो धोका वेगळाच. दोन वर्षांचं काम असलेलं खातं दुसऱ्याच्या हाती जातं.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी मित्राच्या योजनेत एक भोक आहे, आणि ते तुम्हा दोघांनाही दिसलेलं नाही. बेटिंग ॲप पैसे कशाचे देतं? बहुधा तू जाहिरातीत दिलेला कोड वापरून किती जणांनी पैसे भरले याचे. वीस हजार बनावट खाती पैसे भरणार नाहीत. भरतील ते तुझे खरे ४,१००. म्हणजे तुझं कर्ज फिटलं तर ते त्यांच्या खिशातून फिटेल, त्यांच्यातल्या कोणाच्या तरी पाचव्या आठवड्यातून. तू चॅनेलवाल्याच्या जागी जाऊन बसशील.

तू पत्रात ओझरतं लिहिलंयस की एका बाईंनी तुझ्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, “चाळीस वर्षं मी माझ्या चित्रातल्या माणसांचे हात खिशात घालत आले. आज पहिल्यांदा बोटं काढली.” तुला ते आठवत राहिलं, नाहीतर या पत्रात ते आलं नसतं. तो कोड त्या बाईंपर्यंतही जाईल. तू ज्याला ‘धोका’ म्हणतोयस आणि दोन पारड्यांत मोजतोयस, त्यात आतापर्यंत फक्त तुझंच नुकसान धरलं होतंस. त्यांचंही धर आणि मग मोज.

आता काय करायचं ते सांगते. क्रम महत्त्वाचा आहे.

आज पासवर्ड बदल: आधी ईमेलचा, मग इन्स्टाग्रामचा, मग बँकेचा. शक्यतो दुसऱ्या फोनवरून बदल, कारण चॅनेलवरून उतरवलेलं ते ‘प्रेडिक्टर’ ॲप तुझ्या फोनमध्ये अजून आहे असं तू लिहिलंयस. चाकाचं भाकीत करणारं ॲप असू शकत नाही, पण पासवर्ड आणि ओटीपी वाचणारं ॲप जरूर असू शकतं. ते काढ, फोटो दुसरीकडे ठेवून फोन पूर्ण पुसून पुन्हा लाव. दोन टप्प्यांची सुरक्षा सगळीकडे सुरू कर. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये कोणकोणत्या ॲपना परवानगी दिलीस ते बघ आणि अनोळखी सगळी काढून टाक.

मग बेटिंगची खाती. ॲप काढून टाकलं म्हणजे खातं बंद होत नाही. जिथे ‘स्वतःला वगळा’ अशी सोय असेल तिथे सर्वांत लांब मुदतीची निवड. फोनवर बेटब्लॉकरसारखं जुगाराच्या साइट अडवणारं मोफत ॲप टाक. काही बँका जुगाराचे व्यवहार अडवण्याची सोय देतात, तुझ्या बँकेला विचार. सेव्ह केलेलं कार्ड काढ. हे सगळं केल्यावरही रात्री अकराला हात शिवशिवेल. अडथळे एवढ्याचसाठी असतात की त्या वेळी पैसे लावायला दोन मिनिटांऐवजी दोन दिवस लागावेत. चॅनेल सोड, पण सोडायच्या आधी मेसेजचे आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव. सायबर गुन्ह्याची तक्रार करताना लागतील आणि तक्रार जितकी लवकर तितकं बरं. पैसे परत येतीलच असं सांगत नाही.

त्यानंतर कागदावर एक आकडा लिही. एकूण किती गेले, पै न् पै, कोणाचे किती. मनातल्या मनात हा आकडा दर तासाला बदलतो, कागदावर तो स्थिर राहतो. चार महिन्यांचा पगार म्हणजे दर महिन्याला पगाराचा पाचवा हिस्सा बाजूला टाकलास तर वीस महिने. ऐकायला लांब वाटतं, मला कळतं. पण वीस महिन्यांना शेवट आहे. पाचवा हिस्सा काढून घर चालत नसेल तर सातवा कर आणि अठ्ठावीस महिने धर. तुझं चित्रकलेचं पेज या हिशेबात आणू नकोस. कर्ज फेडायचं ओझं त्याच्यावर टाकलंस तर तू पुन्हा फॉलोअर मोजत बसशील. पेजसाठी एवढंच सुचवते: हातांच्या त्या व्हिडिओखाली जाऊन सगळ्या कमेंट वाच, लोक कुठे अडतात ते टिपून घे, आणि पुढचे दहा व्हिडिओ त्याच अडचणींवर कर. वाढ सावकाश होईल, पण येतील ती माणसं असतील.

आणि बहीण. तू दोन वाटांचं विचारतोयस तितक्या सहज हे मला लिहिता येत नाही. मला माहितेय की तिच्या नजरेतून उतरण्याची भीती तुला पैशापेक्षा मोठी आहे. ती रोज विचारते कारण तिला तुझ्या चित्रांची आवड आहे. प्रत्येक दिवशी तू तिला नवं उत्तर देतोयस आणि झोप तिथेच जातेय. तिला भेटायला जमलं तर भेट, नाहीतर फोन कर, मेसेजवर नको. कागद समोर ठेव आणि आकडा आधी सांग, गोष्ट नंतर. “ताई, तू टॅबसाठी दिलेले पैसे मी जुगारात घालवले. एकूण एवढे गेले. आता बंद केलंय. दर महिन्याला तुला एवढे परत देईन. आत्ता तुझ्याकडून पैसे नकोत, फक्त तुला खरं माहीत असू दे.” यातलं शेवटचं वाक्य मनापासून म्हण. पैसे मागायला केलेला कबुलीजबाब तिला लगेच ओळखू येईल.

ती चिडेल. काही दिवस बोलणार नाही, असंही होईल. तरी हे या आठवड्यात कर, कारण जोवर हे लपलेलं आहे तोवर ‘कोणाला कळायच्या आत भरून काढू’ हा विचार तुला सोडणार नाही. समुपदेशक शोधायला तिची मदत घे. गॅम्ब्लर्स अनॉनिमस ही १९५७ साली सुरू झालेली संघटना अनेक देशांत आहे. तिथे याच वाटेने गेलेली माणसं एकमेकांशी बोलतात, ऑनलाइन बैठकाही होतात आणि नाव सांगावं लागत नाही. आणि झोप नसलेल्या रात्री कधी ‘मीच नसतो तर बरं’ असा विचार आला, एकदाही आला, तर सकाळची वाट बघू नकोस. त्याच क्षणी बहिणीला उठव किंवा तुझ्या भागातल्या मदतवाहिनीला फोन कर.

हे वाचणाऱ्यांत कोणाच्या बहिणी, भाऊ, आई-वडील असतील, ज्यांच्यासमोर उद्या असा कागद ठेवला जाईल. त्यांच्यासाठी थोडंसं. पहिल्या दिवशी ‘का केलंस’ विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. ‘हाच पूर्ण आकडा आहे का, की अजून काही आहे?’ हे विचारा आणि उत्तर द्यायला वेळ द्या, कारण बहुतेक जण पहिल्यांदा अर्धाच आकडा सांगतात. कर्ज एकदम फेडून टाकायची घाई करू नका. एका दिवसात कोरी झालेली पाटी पुन्हा खेळायची सोय होते. पैसे द्यावेच लागले तर त्याच्या हातात न देता थेट ज्याचं देणं आहे त्याला द्या. पुढचे काही महिने पगाराच्या दिवशी त्याच्यासोबत बसून हिशेब करा, आणि त्या दिवशी तेवढाच विषय काढा. बाकीच्या दिवशी त्याला विचारा, आज काय काढलंस.